लाईट गेली तरी स्टीम डेक चालू
‘हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र) टीव्हीला जोडला तरी कन्सोलची सर येत नाही’ असं काही जण म्हणतात, ते चित्रापुरतं मान्य, स्टीम डेक या हँडहेल्डचा स्क्रीनच मुळात १२८० बाय ८०० पिक्सेलचा, गेम त्याच मापात चालवला तर मोठ्या टीव्हीवर कडा फाटतातच. पण विजेचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडं सांगलीत वळीव आला की लाईट जाते, परवा विश्रामबागेत भाचा नि मी खेळत होतो आणि टीव्ही एकदम काळा, डॉकवर (टीव्हीला जोडायच्या स्टँडवर) डेकचा पंखा मात्र स्वतःच्या बॅटरीवर घुर्र चालूच, पोरानं वायर काढली, उचलला आणि त्याच फाईटमध्ये पुढं सुरू!

डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॉट घेते, सोनीचा पीएस५ हा आख्खा कन्सोल खेळताना २०० च्या आसपास, म्हणून डेकच बरा, आता लाईट गेली तरी टीव्ही चालावा म्हणून टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतोय.