मदत हवी आहे: वडिलांना किझी बेटावरची लाकडी चर्च दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटी आईबाबांना घेऊन रशियात सेंट पीटर्सबर्गला जातोय, तिथून ट्रेनने पेट्रोझावोद्स्क आणि मग बोटीने ओनेगा सरोवरातलं किझी बेट, एवढं पक्कं आहे. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलंय, तिथलं 1714 चं बावीस घुमटांचं चर्च त्यांनी फोटोत पाहिलं तेव्हापासून एकच चाललंय की हे सांधलं कसं असेल. 37 मीटर उंच, सगळं पाइनच्या ओंडक्यांचं, कोपऱ्यात खाचा मारून एकमेकांत बसवलेलं, आणि घुमटांवर अ‍ॅस्पेनच्या लाकडाच्या छोट्या छोट्या फळ्या ज्या उन्हात चांदीसारख्या दिसतात. त्याहून भारी म्हणजे दुरुस्ती, 2020 ला संपली ती, वरचा भाग उचलून धरायचा, खालचा थर काढून कुजलेलं लाकूड बदलायचं, परत बसवायचा, मग त्याच्या वरचा थर. बाबांना हेच जवळून बघायचंय, लांबून फोटो काढून त्यांचं समाधान होणार नाही.

तर प्रश्न असे, पेट्रोझावोद्स्कहून जलद बोट सव्वा तासात पोचवते पण परतीची वेळ तिकिटावरच ठरलेली असते ना, मग बेटावर मोजकेच तास हातात राहतात, तेवढ्यात ओशेवनेव यांचं शेतकरी घर, पवनचक्की आणि लाझारसचं ते छोटं जुनं चर्च होतं का, की सकाळी जाऊन संध्याकाळच्या बोटीने परत येता येतं? मोठ्या चर्चमध्ये आत सोडतात का आणि त्याचं तिकीट वेगळं का? सुतारकाम करून दाखवणारे कारागीर असतात म्हणे, ते रोज असतात का? त्यांना प्रश्न विचारायला इंग्रजी बोलणारा गाईड आधी बुक करावा लागेल का, बाबांचे प्रश्न खूप असणार आणि ते भाषांतर मलाच करायचंय.

आईचे गुडघे दुखतात, वाटा सपाट आहेत की चढउतार? गवतात विषारी साप असतात म्हणून वाट सोडू नका असं वाचलं, त्यामुळे तिला घेऊन शॉर्टकट वगैरे नकोच. ती अंडंही खात नाही, तिकडच्या बटाट्याच्या कलितकी (राईच्या पिठाच्या, वर सारण घालून भाजलेल्या छोट्या पोळ्या) चालतील का की पिठात अंडं घालतात, डबाच बांधून नेऊ?

आपली व्हिसा, मास्टरकार्डची बँक कार्डं तिथे चालत नाहीत म्हणून रुबल कॅश नेणारच आहे, पण बोटीचं तिकीट इथून ऑनलाइन काढायचं कसं तेच अडलंय. जून गर्दीचा, कुणी धक्क्यावर जाऊन आदल्या दिवशी तिकीट काढलंय का, मिळालं का?