आवक-जावकवर पहिलं वर्ष : शिकवण की सजा?

नवा_शिक्का
पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून रुजू होऊन आठ महिने झाले. आठही महिने आवक-जावक. सकाळी टपाल फोडा, शिक्का मारा, क्रमांक टाका, डाक पॅड बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांपुढे ठेवा. साहेबांनी मार्क केलं की शिक्षणचं शिक्षणला, बांधकामचं बांधकामला, वहीत सही घ्या. दुपारनंतर हेच उलट्या दिशेनं. २०१९ च्या जाहिरातीचा फॉर्म भरला, ती भरती बारगळली, २०२३ ची नवी जाहिरात आली, पुन्हा अभ्यास केला. टंकलेखनाची प्रमाणपत्रं काढली, आणि टंकायला अजून एक टिपणीही मिळालेली नाही.

माझं म्हणणं असं की नव्या माणसाला तीन महिन्यांच्या वर आवक देऊ नये. आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या बघणारं टेबल), लेखा, ग्रामपंचायत विभाग असं फिरवावं. ऑफिसात उत्तर ठरलेलं : "आधी आवक कर, मग कळेल." काय कळेल ते तरी सांगा कुणी. (पगाराची तक्रार नाही. १९,९०० मूळ वेतन आहे हे आई न विचारता सगळ्यांना सांगते.)

जुनं_दप्तर
अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझी पहिली दोन वर्षं आवकवरच गेली, तेव्हा मीही असाच चिडायचो.

एक प्रसंग सांगतो. एका गुरुजींचा वैद्यकीय देयकाचा प्रस्ताव गायब. शिक्षण विभाग म्हणतो आलाच नाही. गुरुजींकडे पोच होती. वही उघडली तर नोंद होती आणि समोर सही बांधकामच्या टेबलची! साहेबांनी घाईत "शि" लिहिलं होतं, ते वाचलं गेलं "बां". प्रस्ताव रस्त्याच्या अंदाजपत्रकांत पडून होता. दहा मिनिटांत सापडला. तो काही माझ्या हुशारीनं सापडला नाही, आधीच्या पोरानं सही घेतल्याशिवाय कागद हातातून सोडला नव्हता म्हणून सापडला.

कोणता कागद कुठून येतो, कुणाकडे अडतो, कोण सही करायला टाळतं, हे आवकवर जितकं दिसतं तितकं अधीक्षकाच्या खुर्चीतूनही दिसत नाही. लखिना साहेबांनी नगरला जिल्हाधिकारी असताना दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायची जी पद्धत घालून दिली, ते गठ्ठे मला कुठल्या प्रशिक्षणात कळले नाहीत. कुठलं पत्र प्रलंबितमध्ये (काम आपल्याकडे बाकी) जाणार आणि कुठलं प्रतीक्षाधीनमध्ये (दुसऱ्याच्या उत्तराची वाट), हे टपाल फोडतानाच ओळखायला लागलो तेव्हा कळले.

टेबल_क्रमांक_४
काका, प्रसंग चांगला आहे. पण हे शिकायला दोन महिने पुरतात. पुढचे दहा महिने शिकण्याचे नसतात, पदं रिकामी असल्याचे असतात.

मी चौदा महिने आवकवर होते. वही स्वच्छ, पोच वेळेवर, म्हणून मला सोडलंच नाही. "तुमच्यासारखं कुणी करत नाही हो मॅडम." माझ्यासोबत रुजू झालेल्याने पहिल्याच महिन्यात दोनदा जावक क्रमांक चुकवले, त्याला लगेच लेखा विभाग मिळाला! म्हणजे काम बिघडवणाऱ्याला टेबल, नीट करणाऱ्याला तीच खिडकी.

आणि खापर कुणावर? माहिती अधिकाराचा एक अर्ज चुकून आमच्याकडे आला होता, विषय दुसऱ्या कार्यालयाचा. कायद्याप्रमाणे तो पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा. मी त्याच दिवशी टेबलला दिला, सही घेतली. तिथे तो तीन आठवडे झोपला. विचारणा झाली तेव्हा पहिला प्रश्न मला, "आवकला उशीर झाला का?" वहीत सही होती म्हणून वाचले. (हो काका, इथे तुमचा मुद्दा खरा, मान्य.)

पोच_द्या
मी खिडकीच्या बाहेरचा माणूस. तुमच्यात कोण कुठे बसतं याच्याशी मला घेणं नाही. पण शुक्रवारी अर्ज घेऊन गेलो की "साहेब नाहीत, सोमवारी शिक्का देतो" हे का? माहिती अधिकाराचे तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात. शिक्का सोमवारचा पडला की माझे तीन दिवस गेले. शिक्का मारायला साहेब कशाला लागतात?

नवा_शिक्का
@पोच_द्या लागत नाहीत. रुजू झालो त्या आठवड्यात मलाही तसंच सांगितलं होतं आणि मीही दोघांना सोमवारी बोलावलं. आता नाही बोलावत.

कागद_नको
मुळात वही कशाला? ई-ऑफिस आहे. स्कॅन करा, पाठवा, कुणाकडे कधी गेलं ते दिसतं. सहीसाठी टेबलाटेबलांवर फिरायचं हे कामच राहणार नाही, मग वाद कसला?

जुनं_दप्तर
विषय कोण लिहिणार? अर्ध्या अर्जांवर लोक "विषय : अर्ज" एवढंच लिहितात. स्कॅन करणाऱ्यानं आतलं वाचलं नाही तर यंत्रातही "अर्ज" नावाची चाळीस पत्रं जमतात. मग शोधा त्यातून विहिरीच्या अनुदानाचं.

टेबल_क्रमांक_४
हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे एका पानावर ओळीने अकरा वेळा "विनंती अर्ज" होतं. अक्षर माझंच, पहिल्या आठवड्यातलं.

पण काका, काम महत्त्वाचं असेल तर महत्त्वाच्या माणसाला द्या ना. वीस वर्षं झालेले वरिष्ठ सहायक एक महिना बसू देत खिडकीवर. कुणी तयार होईल?

जुनं_दप्तर
नाही होणार. मीही झालो नसतो, खोटं कशाला बोलू.

नवा_शिक्का
आज मागची वही काढून बघितली. माझ्याही नोंदींत "अर्ज", "पत्र", "विनंती" भरपूर. कालपासून अर्ज आतून वाचून विषय लिहितोय, वेळ दुप्पट लागतो. तरी आठ महिने जास्तच आहेत, यावर मी ठाम आहे.

जुनं_दप्तर
मग तोंडी बोलू नकोस. कार्यासन, म्हणजे टेबल, बदलून मिळण्याचा रीतसर अर्ज दे. आणि आवकला नोंदव.

नवा_शिक्का
ते आधीच केलंय. क्रमांक मीच टाकला, शिक्का मीच मारला, विषयसुद्धा पूर्ण लिहिला. साहेबांनी "आस्था" मार्क केलं. आस्थापनाच्या टेबलची सही आहे. बावीस दिवस झाले.

टेबल_क्रमांक_४
स्मरणपत्र दे. जावक क्रमांक टाकायलाही तूच आहेस.