शब्दचर्चा: ‘प्लगिन’ला जोड म्हणायचं की अंगचं?

शहापूरकर: पासवर्ड ठेवायचा कीपासएक्ससी म्हणून ओपनसोर्स प्रोग्रॅम आहे, त्याची माहिती मराठीत करूलालो. ‘ऑप्शनल फीचर’ला एकाने वैकल्पिक लिहिलंय, एकाने ऐच्छिक, आणि तिसऱ्याने सरसकट ‘जोडण्या’ करून टाकलंय. ह्या जोडण्यांवर माझा आक्षेप आहे. २०२४ मध्ये डेबियन ह्या लिनक्ससाठी त्याचं पॅकेज सांभाळणाऱ्या मेन्टेनरने ब्राउझरशी बोलणारा भाग, नेटवर्क, एसएसएच एजंट (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या पुरवणारा भाग) हे सगळं वगळून मूळ नावाचं पॅकेज बिल्ड केलं, म्हणजे कोडवरून बांधलं, आणि सगळं असलेलं ‘कीपासएक्ससी-फुल’ नावानं वेगळं ठेवलं, कोड कमी तेवढ्या चोरवाटा कमी असं त्यांचं म्हणणं, आणि ते मलाही पटतं. पण बोलताना सगळीकडं ‘प्लगिन काढले’, म्हणजे बाहेरून लावलेले तुकडे काढले, असंच झालं. प्रोग्रॅम लिहिणारे मात्र सांगत होते की आमच्यात प्लगिन हा प्रकारच नाही, हे प्रोग्रॅमचेच भाग आहेत. म्हणजे शब्द चुकला की काढणं सोपं वाटतं, जोडलेलं काय, कधीही सोडवता येतं!

खानापूरची: अगदी बरोबर बोललात दादा. आमच्याकडं भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर उतरतो, त्याला मागं रोटर, नांगर, ट्रॉली काय लावाल ते जोड. पण डिफलॉक गिअरबॉक्सच्या आतच असतो, एक चाक चिखलात जागेवर गरगरायला लागलं की बाबा टाचेनं पेडल दाबतात, दोन्ही चाकं बरोबर फिरतात आणि ट्रॅक्टर हळूहळू वर येतो. एरवी त्या पेडलला पाय पण लागत नाही, म्हणून त्याला कुणी जोड म्हणत नाही. त्याला अंगचं म्हणा, भाजी अंगच्या पाण्यात शिजते म्हणतो ना आपण, ते.

निपाणीवाला: थांबा की ओ, बिल्ड करताना स्विच बंद केला की तो भाग येतच नाही, मग अंगचं कसं? अंगचं म्हणजे काढता न येणारं.

शहापूरकर: काढता येतं, पण बांधणाऱ्याला, वापरणाऱ्याला नाही, खरा मुद्दा तोच आहे. ब्राउझरचा भाग बिल्डमध्ये असला तरी सेटिंगमध्ये आधी बंदच असतो, आपण चालू करायचा. तिथं इच्छा माझी, म्हणून ऐच्छिक. पॅकेजमधूनच गेला तर इच्छा मेन्टेनरची झाली, मी अपग्रेड केलं आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड भरायचं बंद पडलं की मला कळणार. ‘वैकल्पिक’ तर दोन्हीकडं बसत नाही, विकल्प म्हणजे हे नाहीतर ते, व्याकरणात ‘विकल्पाने दोन रूपे होतात’ म्हणतात तसं. इथं एकाच्या बदली दुसरं काही मिळतच नाही.

चिकोडीकर: यात तिसरा प्रकार राहिला. पोस्टग्रेस ह्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये जादा भागांचं ‘कॉन्ट्रिब’ म्हणून फोल्डर असतं, मूळ सोर्ससोबतच येतं, पण २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून त्यातलं बरंचसं डेटाबेसमध्ये ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही आज्ञा दिल्याशिवाय लागू होत नाही. ते अंगचंही नाही आणि बाहेरून आणलेलंही नाही, ताटात वाढलेलं तोंडीलावणं म्हणा. आणि डेबियनच्या ‘कॉन्ट्रिब’चा अर्थ पार वेगळा आहे, स्वतः फ्री म्हणजे मुक्त परवान्याची, पण चालायला नॉन-फ्री काहीतरी लागतं अशी पॅकेजं तिथं असतात. तेव्हा कॉन्ट्रिबला एकच मराठी शब्द ठेवला तर घोळ होईल.

खानापूरची: पोस्टग्रेसच्याला ‘सोबतचं’ म्हणूया का, तोंडीलावणं गोड आहे पण मॅन्युअलमध्ये वाचताना अडखळायला होईल.

निपाणीवाला: सोबतचं चालेल. अंगचंही मान्य, पण एका अटीवर, ते कुणाच्या हातात आहे हे वाक्यात आलं पाहिजे, नुसत्या शब्दावर सोडू नका.

शहापूरकर: मग असं करूलालो: ‘ब्राउझर जोडणं हा प्रोग्रॅमचा अंगचा भाग आहे. सेटिंगमध्ये तो तुम्ही चालू करायचा. सेटिंगमध्ये दिसतच नसेल तर तुमच्या पॅकेजमध्ये तो बांधलेला नाही, फुल पॅकेज घ्या.’ आता ह्यात ‘ब्राउझर जोडणं’मध्ये परत जोड आलीच की, तिथं काय घालायचं तेवढं सुचवा.

खानापूरची: ‘ब्राउझरमध्ये पासवर्ड भरणं’ लिहा, काम तेच आहे.