पोपच्या पदकावर न बांधलेली इमारत: पदक त्या काळचं की जुन्या ठशावरून नंतर पाडलेलं?

नकाशेवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो, आता निवृत्त. चार वर्षांपासून पोपची पदकं जमवतोय, पण ज्यांच्या मागच्या बाजूला एखादी इमारत आहे तेवढीच. नऊ झाली होती. दहावं गेल्या महिन्यात भांडी बाजारात एका मोडवाल्याकडे मिळालं, गंजक्या कुलपांच्या आणि बटणांच्या डब्यात. १,८०० रुपये दिले. विचारायचंय ते त्याच्याबद्दल.

ब्राँझचं आहे. व्यास ४१ मिमी, वजन ३१ ग्रॅम. पुढे पोप सातवा अलेक्झांडर. मागे रोममधल्या सेंट पीटर चर्चसमोरचा चौक, उंचावरून पाहिल्यासारखा. कडेने लॅटिन अक्षरं: फुंदामेंता एयुस इन मोंतिबुस सांक्तिस. ८७ व्या स्तोत्रातली ओळ आहे, त्याचा पाया पवित्र डोंगरांवर आहे अशा अर्थाची.

आता खरी गोष्ट. वास्तुकार बर्निनीने या चौकाला खांबांच्या दोन कमानदार बाहूंनी वेढलं. २८४ खांब, चारचार ओळींत, वर १४० पुतळे. आज फोटोत दिसतात ते हे दोनच बाहू. माझ्या पदकावर मात्र समोरच्या उघड्या बाजूला तिसरा तुकडाही आहे, चौक जवळजवळ बंद करणारा, दोन्ही टोकांना आत शिरायला फट ठेवून. तो कधी बांधलाच गेला नाही. १६६७ मध्ये अलेक्झांडर वारले आणि तो भाग राहून गेला. आज तिथून थेट नदीकडे जाणारा रुंद रस्ता आहे, जुनी घरं पाडून १९३६ नंतर काढलेला.

मी आयुष्यभर जी धरणं आणि कालवे कागदावर काढले, त्यातले काही झाले, काही फाइलीतच राहिले. राहिलेल्यांचे नकाशे मला अजून आठवतात. म्हणून हे पदक हातात घेतलं तेव्हा घसा दाटून आला. कुणीतरी आपला प्लॅन धातूत ठोकून ठेवला होता.

दोन प्रश्न आहेत. हे त्या काळचं आहे की जुन्या ठशावरून नंतर पाडलेलं? आणि खाचांत हिरवट-काळा थर आहे तो काढू का? घरी वहिनींनी आधीचं एक पदक चिंच-मीठ लावून लखलखीत केलं आणि त्याच्यावरच्या घुमटाच्या बारीक रेघा गेल्या, त्यामुळे धीर होत नाही.

जुनाठसा

काका, प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पोपच्या पदकांत नंतर पाडलेली पदकं भरपूर फिरतात. रोमच्या टांकसाळीत आणि हामेरानी या पदककारांच्या घराण्यात पदकं पाडायचे जुने ठसे, म्हणजे कोरलेले साचे, पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावरच नवी पदकं पाडून विकली गेली. ती खोटी नाहीत. ठसा अस्सल, धातू आणि वेळ वेगळी.

आपल्या नाशिककरांना हे चटकन समजेल. जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेला साठा आठवा, १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यातली बरीचशी क्षत्रप राजा नहपानाची, ज्यांच्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला. तिथे नाणं जुनं आणि ठसा नवा. इथे बरोबर उलटं: ठसा जुना, पदक नवं.

भिंगाखाली हे बघा. अक्षरांच्या आसपास मोकळ्या जागेत बारीक उंचवटे किंवा पुरळ दिसतं का? ठसा गंजला की त्याच्या खड्ड्यांत धातू शिरतो आणि पदकावर तो टेंगळांसारखा उठतो. एखादी उंच रेघ इमारतीला छेदून कडेपर्यंत जाते का? ती ठशाला गेलेली चीर. दोन्ही खुणा ठसा खूप वापरल्याच्या. कड अगदी सरळ, यंत्रातून काढल्यासारखी असेल तर तेही उशिराचंच लक्षण.

दुसरं, पोपच्या नावानंतर AN आणि रोमन आकडा असतो. ते इसवी सन नाही, पोपपदाचं कितवं वर्ष ते आहे. अलेक्झांडर निवडून आले एप्रिल १६५५ मध्ये, म्हणजे तिसरं वर्ष एप्रिल १६५७ ते एप्रिल १६५८. चौकाची पायाभरणी ऑगस्ट १६५७ ची. आकडा फार पुढचा निघाला तर पुढचा ठसा एका वर्षाचा आणि मागचा दुसऱ्या वर्षाचा जुळवलेला असू शकतो. नंतर पाडताना असं पुष्कळदा झालंय.

तांबटआळी

साफ करण्याबद्दल एवढंच सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या तांब्याचं काम आहे. चिंच, लिंबू, राख, काहीही नको. आंबट लागलं की वरचा थर जातो आणि त्याबरोबर नक्षीही उतरते. भांड्याला पुन्हा ठोके मारता येतात, पदकाला नाही. काळा थर असू द्या, तो धातूचं रक्षण करतो. हिरवं मात्र नखाने पावडरीसारखं सुटत असेल तर तो रोग आहे, पसरतो. ते लाकडी काडीने कोरडंच अलगद काढा आणि पदक कोरड्या जागी, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

बाळयेशू_शेजारी

काका, मी नाशिकरोडची. आमच्या आजीच्या पेटीत एक पदक आहे, अंगठ्याएवढं, वर कडी, एका बाजूला दार आणि त्याच्या पायरीवर गुडघे टेकलेला माणूस. ते तुमच्या प्रकारातलं आहे का? आजी ते बाळ येशूच्या यात्रेला गळ्यात घालायची.

नकाशेवाला_नाशिक

ताई, कडी आहे म्हणजे ते गळ्यात घालायचं भक्तीचं पदक. मी जमवतो ती पोपच्या कारकिर्दीतल्या घटनांची, त्यांना कडी नसते. पण दार म्हणजे बहुधा पवित्र द्वार. १४७५ पासून साधारण दर २५ वर्षांनी ज्युबिली वर्ष येतं, तेव्हा ते उघडतात. माझ्या यादीत दाराचं एकही नाही. विकू नका, आजीचं आहे. फक्त एकदा बघायला आवडेल.

जुनाठसा, काल दुपारी गच्चीत बसून दीड तास भिंग लावलं. आकडा तीनच आहे. पण चर्चच्या दर्शनी भागाजवळून एक उंच रेघ निघते आणि डाव्या बाहूवरून थेट कडेपर्यंत जाते. अक्षरांच्या आसपास तुम्ही म्हणता ते पुरळही आहे. म्हणजे नंतरचंच. क्षणभर वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. मग वाटलं, तिसरा बाहू तर त्याच ठशातून आलाय ना? ज्याने तो कोरला त्याच्यासमोर बर्निनीचा बेत होता. मला हवं होतं ते इथे आहे.

इमारतींच्या पदकांची मला ओढ का, तेही सांगतो. १५०६ मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने नव्या सेंट पीटरचा पाया घातला, तेव्हा मातीच्या भांड्यात पदकं घालून ती पायात ठेवली. त्यावेळच्या पदकावर, पदककार काराडोस्सोच्या, वास्तुकार ब्रामांतेने आखलेली इमारत आहे: मधे मोठा घुमट, दोन बाजूंना मनोरे. घुमट पुरा झाला १५९० मध्ये, तोही मायकेलअँजेलोच्या आखणीचा आणि देला पोर्ताने बदललेला. ब्रामांतेची कल्पना समोरून कशी दिसणार होती हे आज त्या पदकावरून कळतं. त्याआधी पोप दुसऱ्या पॉलने आपल्या राजवाड्याच्या भिंतींत अशीच पदकं पुरली होती, ती पुढे सापडली. आपणही पायात तांब्या, सुपारी, नाणं घालतोच. गंगापूर रोडवर आमच्या घराचा पाया भरला तेव्हा वडिलांनी रुपया टाकला होता, मी पाहिलंय.

जुनाठसा

काका, मग पुढचं पदक शोधा ते पोप अकराव्या क्लेमेंटचं, रोममधल्या रिपेत्ता बंदराचं. तिबर नदीवरच्या वळणदार पायऱ्या, १७०४ मध्ये बांधलेल्या. नदीला भिंती घातल्या तेव्हा त्या गेल्या. तुम्ही पाटबंधाऱ्यातले, तुम्हाला ते पदक दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळेल.

नकाशेवाला_नाशिक

नाव लिहून ठेवलं. गोदाकाठचे घाट बघत मोठा झालोय, बुडालेल्या पायऱ्या मला ओळखता येतात.

सध्या पदकावरून तिसऱ्या बाहूचा प्लॅन काढायला घेतलाय. दोन बाहू आजही उभे आहेत, चौकाची सर्वात जास्त रुंदी २४० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे प्रमाण बसवता येतं. फटीची रुंदी मात्र तीन वेळा तीन वेगळी आली. ट्रेसिंगचा कागद संपलाय, उद्या मेनरोडवरून आणतो.

बाळयेशू_शेजारी

काका, रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर मी आजीचं पदक घेऊन येते. तुमचं भिंग काढून ठेवा.