शहरातील खुनांची जबाबदारी ‘सर्वांची’ म्हणायची, तर नेमकी कोणाची आणि किती?

विश्रामबागकर (प्रश्न)

सांगलीत एखादा खून झाला की दुसऱ्या दिवसापासून शोकसभेत, वाचकांच्या पत्रांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य हमखास येते : याला आपण सारेच जबाबदार आहोत. आमच्या भागात अलीकडेच सायंकाळी, दुकाने उघडी असताना, एका तरुणावर कोयत्याने वार झाले. मारणारे तिघे-चौघे होते आणि पाहणारे कितीतरी. सीसीटीव्हीच्या चित्रणावरून संशयित सापडले, पण जबाब द्यायला कोणी पुढे आले नाही.

ते वाक्य मला खटकते. जबाबदारी सर्वांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला नाममात्र येते, आणि ज्याने कोयता चालवला, ज्याने त्याला पैसे पुरवले, ज्याच्याकडे आधी तक्रार जाऊनही त्याने ती बाजूला ठेवली, असे सर्वजण त्या गर्दीत मिसळून जातात. पण शटर ओढून फटीतून पाहणारा दुकानदार आणि दुसऱ्या दिवशी बातमी वाचणारा मुंबईकर हे दोघे सारखेच, असेही मला म्हणवत नाही. कायद्याचे या बाबतीत काय म्हणणे आहे, आणि कायद्यापलीकडे किती जबाबदारी मानावी?

मिरजेचा वकील

गुन्ह्यातील सामायिक जबाबदारी कायदा फार पूर्वीपासून मानतो, पण ती बघ्यांची नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 3(5) नुसार (जुन्या दंड संहितेचे कलम 34) समान इराद्याने केलेल्या कृत्यासाठी त्यातील प्रत्येक जण, जणू ते कृत्य त्याने एकट्यानेच केले आहे, अशा रीतीने जबाबदार ठरतो. पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावासाठी अशीच तरतूद कलम 190 मध्ये (जुने 149) आहे. त्यामुळे गाडी चालू ठेवून कोपऱ्यावर थांबणारा किंवा ‘तो निघाला’ म्हणून फोन करणारा, वार न करताही, खुनाच्या खटल्यात आरोपी होऊ शकतो. योगायोगाने तिथे हजर असणे मात्र गुन्हा नाही.

बघ्याने मध्ये पडलेच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन आपल्याकडे नाही, आणि कोयत्यासमोर रिकाम्या हातांनी जाण्याचा सल्ला मीही कोणाला देणार नाही. माहिती देण्याचे बंधन मात्र आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 33 प्रमाणे खून झाल्याची, किंवा तो करण्याचा कोणाचा इरादा असल्याची माहिती असलेल्या माणसाने, वाजवी कारण नसेल तर, ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना तत्काळ कळवली पाहिजे. कारण वाजवी होते हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच आहे. यातला इराद्याचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ‘त्याचा गेम करायचा आहे’ ही भाषा खुनाच्या कितीतरी आधी पानटपरीवर ऐकू आलेली असते. सामान्य बघ्यावर या कलमाचा बडगा उगारलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तसा तो सरसकट उगारावा असेही माझे मत नाही.

आणखी एक तरतूद पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 56 खाली हिंसक गुन्ह्यांसाठी गुंडाला तडीपार करताना, जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. म्हणजे आपण बोलणार नाही हे कायद्याने 1951 सालीच गृहीत धरले आणि त्यावर उपाय म्हणून माणसालाच हद्दीबाहेर काढले, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. तेवढा काळ त्याचा त्रास शेजारच्या जिल्ह्याला होतो, आणि परत येतो तेव्हा त्याचा दरारा वाढलेला असतो.

कुपवाडची शिक्षिका

वकीलसाहेबांचे विवेचन उपयुक्त आहे, पण ते खुनाच्या दिवसाभोवतीच फिरते. माझ्या मते जबाबदारीचा शोध त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत घ्यावा, कारण तिथे माणसे नावानिशी सापडतात. नववीत गैरहजर राहू लागलेला मुलगा काही महिन्यांनी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावर हात जोडून उभा दिसतो. फलकावर वर पुढाऱ्याचा मोठा फोटो, मध्ये ‘भाई’ आणि खाली याच्यासारखी वीस-पंचवीस तोंडे. मग भर रस्त्यात तलवारीने केक कापला जातो, त्याची चित्रफीत फिरते आणि आपल्यातलेच सुशिक्षित लोक तिला ‘लाईक’ देतात. फलकाला परवानगी होती का, हे महापालिकेने पाहायचे असते. पुढाऱ्याने आपला फोटो तिथून उतरवायला सांगायचे असते. मुलगा शाळेत का येत नाही हे विचारायला त्याच्या घरी जाणे हे शाळेचे काम असते. यातले काहीही ‘सर्वांचे’ नाही.

अमली पदार्थांचा उल्लेखही टाळता येणार नाही. 2024 च्या सुरुवातीला पुणे पोलिसांना मेफेड्रोनचा मोठा साठा इथे कुपवाडमध्येच सापडला, आणि थोड्याच दिवसांत कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे त्याचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. दोन्ही वेळा बाहेरचे पोलीस आले. गोदाम भाड्याने देणाऱ्याला, शेड बांधून देणाऱ्याला, आत कसली पिंपे जातात हे रोज पाहणाऱ्याला कधीच काही विचारावेसे वाटले नाही का, हा प्रश्न मला कोयत्याइतकाच गंभीर वाटतो.

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढासारखे खटल्याला सामोरे पाठवू शकते. त्या मूल्यमापनात मुलाची मानसिक क्षमता आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासतात. त्या फलकावर वरचा फोटो कोणाचा होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

जत पूर्व भाग

ताई, आपले म्हणणे पटते, तरीही एक सावधगिरीची सूचना करतो. वस्तीने मिळून जबाबदारी घ्यायची म्हटले की वस्ती न्यायही स्वतःच करू लागते. सप्टेंबर 2022 मध्ये आमच्या तालुक्यातील लवंगा येथे पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने मारहाण केली. ते वाचले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढा भागातून गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण अशाच अफवेतून मारले गेले. मारणाऱ्यांची समजूत हीच होती की आपण गावाचे रक्षण करत आहोत.

जबाबदारी समूहावर टाकण्याचे दुसरे रूप आपल्याकडे सरकारनेच राबवले होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी पूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, आणि 1952 मध्ये तो रद्द झाल्यावरही पारध्यांच्या पालावरची शंका संपली नाही. शहरात खून झाला की ‘अमुक झोपडपट्टीतलेच असणार’ हे बोलणे त्याच जातकुळीचे आहे.

जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र नेमकी होती. चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत आला, तर तो पुढे काढून देणे किंवा नुकसान भरून देणे हे त्या गावावर येई. माग शेजारच्या शिवेत गेल्याचे दाखवले की जबाबदारीही तिकडे जाई. ती व्यवस्था परत आणा असे मी म्हणत नाही, कारण तिचा भार शेवटी रामोशी आणि महार यांच्यावरच पडत असे. पण जबाबदारीला हद्द होती. आज खेड्यात निदान 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटील असतो. शहरात सणापुरती शांतता समितीची बैठक होते आणि चहा घेऊन सर्वजण उठतात.

हरभट रोडचा व्यापारी

आपण सर्वजण चांगले लिहीत आहात, पण साक्ष द्यायची आहे ती मला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे आहे तेही मलाच. 2017 मध्ये याच शहरात पोलीस कोठडीत एका संशयिताचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याच्या आरोपाखाली पोलिसांनाच अटक झाली, हे सांगलीकर विसरलेले नाहीत. आरोपी जामिनावर बाहेर आला की पहिल्यांदा साक्षीदाराच्या दारावरून गाडीचा हॉर्न वाजवत जातो. मी गप्प बसतो तेव्हा मला उदासीन म्हणू नये; मी हिशेब केलेला असतो.

विश्रामबागकर

हा हिशेब बदलेल असे काही प्रत्यक्षात उपलब्ध आहे का? वकीलसाहेबांनी कृपया सांगावे.

मिरजेचा वकील

कागदावर आहे, आणि मागणी केल्याशिवाय ते मिळत नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि 5 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. त्या योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज जातो. जिल्ह्याचे पोलीस प्रमुख तिचे सदस्य आणि अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव असतात. उपविभागाच्या पोलीस अधिकाऱ्याने धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. घराभोवती गस्त, न्यायालयात नेण्या-आणण्यासाठी पोलीस, आरोपीसमोर उभे न राहता साक्ष, ओळख गुप्त ठेवणे, असे उपाय त्यात आहेत. निधीची आणि मनुष्यबळाची ओढाताण मी नाकारत नाही. पण हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी आणि ती नोंद अर्जाला जोडावी. धमकी तोंडी सांगितली तर अहवालात तिला फारसे वजन येत नाही. अर्ज साक्षीदारासाठी त्याच्या कुटुंबीयांना किंवा वकिलालाही करता येतो. एकाच प्रसंगाचे चार-पाच दुकानदार साक्षीदार असतील, तर प्रत्येकाने आपापला अर्ज त्याच दिवशी द्यावा, म्हणजे आरोपीला एकालाच गाठून फितूर करणे अवघड जाते.