चार फुटी टाकीत रेडटेल कॅटफिश – कौतुक पुरे झालं आता

काचघर:
काल एका भाऊंनी रेडटेलचा फोटो टाकला. गुढीपाडव्याला तीन इंचाचं पिल्लू आणलं, गणपतीपर्यंत चौदा इंच, सोबत फीडर (मोठ्या माशाला खाऊ म्हणून विकतात ते) गोल्डफिश गपकन गिळतानाचा व्हिडिओ, आणि खाली सगळ्यांचं "बीस्ट", "मॉन्स्टर", "एक नंबर भावा". तिथेच लिहिणार होतो पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढला.

टाकी कोणती, तर चार बाय दीड बाय दीड. पुढे काय करणार असं एकाने विचारलं तर उत्तर काय, "मासा टाकीच्या मापानेच वाढतो". हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना त्याला... जाऊ दे. मासा टेप घेऊन टाकी मोजत नाही हो. पाणी खराब होतं, नायट्रेट चढतं, वाढ खुंटते, पाठीला बाक येतो, आणि पंधरा वर्षं सहज जगणारा मासा दोन वर्षांत जातो. मग आपण म्हणतो काहीतरी रोग आला. अ‍ॅमेझॉनमध्ये हाच मासा चार फुटांच्या वर जातो, चाळीस किलोच्या पुढे भरतो. घरात तेवढा नाही होत, मान्य. पण दोन-अडीच फूट तर होतोच ना? दीड फूट रुंदीत दोन फुटी मासा वळणार कसा? टाकीची लांबी सगळे सांगतात, रुंदी कुणी सांगत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. कॉलेजात असताना "शार्क" म्हणून दोन पिल्लं आणली होती, तीस रुपयांना एक. तो पंगस निघाला, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून खातो तोच. दोन वर्षांत हातभर झाले. रात्री लाइट गेली की घाबरून धाडकन काचेवर. एकाचं नाक फुटलं आणि तो गेला. दुसऱ्याला रंगाच्या बादलीत घालून रिक्षाने ज्या दुकानातून आणला तिथेच परत घेऊन गेलो, तर दुकानदार हसला. म्हणे पिल्लू असतं तर घेतलं असतं. पिल्लू विकायला सगळे बसलेत, मोठा झालेला कुणालाच नको.

रेडटेल_राजा:
फोटो माझा, टाकी माझी, पैसे माझे, पोट तुमचं का दुखतंय? नाव नाही घेतलं पण सगळ्यांना कळतंय कुणाबद्दल आहे. दिवाळीला बोनस आला की सहा फुटी टाकी येणारे. आणि फीडर आधीच बंद केलेत, आता चिकन लिव्हर देतो, त्यामुळे अर्धा निबंध फुकट गेला तुमचा.

काचघर:
लिव्हर म्हणजे आगीतून फुफाट्यात. कोंबडीची चरबी या माशांना पचत नाही, त्यांच्याच लिव्हरवर चढते. गोल्डफिश बंद केले ते बरं केलं, त्याने व्हिटॅमिन बी-१ ची वाट लागते. कोळंबी द्या, माशाच्या फोडी द्या, हळूहळू पेलेटवर (तयार दाण्यांवर) आणा. आणि रोज देऊ नका. दिवाळी कोणत्या सालची तेवढं लिहून ठेवा.

अरोवाना_ठाणे:
काचघर यांचं म्हणणं ८० टक्के बरोबर पण सूर भयंकर. माझ्याकडे सिल्व्हर अरोवाना आहे, नववं वर्ष, सात बाय अडीच बाय अडीच, खाली संप (पाणी गाळायची वेगळी टाकी), दर रविवारी ४०% पाणी बदलतो. मोठा मासा घरात ठेवता येतो, पण ठेवणारा हवा. (आणि नाही, वास्तुसाठी नाही ठेवलेला. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "याने पैसा येतो म्हणे?" अहो जातो. वीजबिल बघा.) आणि मोठा मासा ठेवला की लोक क्रूर म्हणतात, मग वन बीएचकेमध्ये लॅब्राडॉर ठेवणारे कोण?

टँकर_दिवसाआड:
सात बाय अडीच बाय अडीच म्हणजे हजार-बाराशे लिटर, त्याचे ४०% म्हणजे दर रविवारी साडेचारशे लिटर गटारात!! आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर, माझी आई बादली मोजून आंघोळ करते. यावर कुणी बोलणार का?

अरोवाना_ठाणे:
गटारात नाही, गच्चीवरच्या झाडांना जातं. पण हो, मे महिन्यात दोनदा पाणी बदललं नाही, लाज वाटली म्हणून. खूश?

स्लॅबवाला:
पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर, इथे फक्त वाचतो. राजाभाऊ, सहा फुटीवर थांबणार नाही तुम्ही, पुढे आठ बाय तीन बाय अडीच होणार. ६० घनफूट, म्हणजे १७०० लिटर. पाण्याचंच वजन १.७ टन, काच आणि स्टँड वेगळं. राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. तुमचं साडेसातशेच्या वर जातं. तळमजला असेल तर ठीक, नाहीतर बीमवर, भिंतीलगत, आणि आधी कुणाला तरी दाखवा.

रेडटेल_राजा:
तिसरा मजला आहे. पण खालचे काका रात्री दोनला भजनं लावतात, त्यामुळे... गंमत करतोय.

कोपऱ्यातली_कोकणी:
माझ्या भाच्याने पाच "पिरान्हा" आणले होते, अडीचशेला एक. मित्रांना घरी बोलवायचा, बोट घाल बघू म्हणायचा. वर्षभराने मी मासळी बाजारात गेले तर तेच लाल पोट, तेच दात, पाटीत रचलेले. रूपचंद! किलोवर! भाच्याला फोटो पाठवला, त्याने मला ब्लॉक केलं.

भीमाकाठी:
तुमचं टाकी, स्लॅब, भजनं सगळं वाचलं. आता उजनी धरणाची गोष्ट ऐका. मासा मोठा झाला, दुकानदार घेत नाही, मारायचा जीव होत नाही, मग माणूस काय करतो? गणपती विसर्जनाच्या गर्दीत पिशवी सोडतो पाण्यात. पुण्य केलं म्हणून घरी जातो. अन् पुण्याची नदी कुठं येती? आमच्याकडं. टाकीची काच साफ करतो म्हणून तुम्ही घेता ना तो सकर, तो आता उजनीत जाळ्यात येतोय. अंगाला हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, परांना काटं. पहाटे वडील जाळं ओढत्यात अन् निम्मा दिवस नुसता सकर सोडवण्यात जातो, तरी जाळं फाटतंच. कुणी विकत घेत नाही, काठावर फेकला तर तासन् तास जिता राहतो. आधी एका जाळ्याला दोन-दोन मरळ यायच्या, आता सकर येतो. सकर तर शेवाळ खाणारा. उद्या हा रेडटेल सोडला कुणी तर?

अरोवाना_ठाणे:
भीमाकाठी, सोडणं चुकीचंच, शंभर टक्के. दल सरोवरात २०२३ मध्ये साफसफाई करताना अ‍ॅलिगेटर गार (मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकेतला मासा) सापडला, तो काय पोहत आला नव्हता. पण सगळं खापर हौशी लोकांवर का? तुमची चिलापी (तिलापिया) कुठली? आफ्रिकेची. १९५२ साली देशात रीतसर आणलेली. उजनीकाठच्या भिगवणचे ढाबे तिच्यावरच चालतात ना?

भीमाकाठी:
आलाच का चिलापीवर! आमची जमीन धरणात गेली, मागं पाणी राहिलं अन् पाण्यात चिलापी. खायचं काय, तुमचा वीजबिलवाला अरोवाना?

हायवेवरचा_खवय्या:
मूळ विषय माहीत नाही पण भिगवणची चिलापी फ्राय एक नंबर. हल्ली साइज लहान झालीय मात्र.

कोपऱ्यातली_कोकणी:
गोड्या पाण्यातला मासा आम्ही खात नाही. चिखलाचा वास येतो.

भीमाकाठी:
ताई, हळद-मीठ-लिंबू लावून तासभर ठिवा अन् मग बोला. समुद्राचा मासा बर्फात चार दिवस झोपून पुण्याला येतो, त्याला वास नसतो व्हय?

कोपऱ्यातली_कोकणी:
आमच्याकडे सकाळी होडीतून थेट येतो. पुणेकरांचं पुणेकरांनी बघावं.

हायवेवरचा_खवय्या:
मरळ खाल्लीय का कुणी? कालवण करून? चिलापी विसराल.

भीमाकाठी:
मरळीचं कालवण आमच्या आजीचं. आता किलोचा भाव ऐकून नुसता रस्सा करतो. अन् अरोवाना साहेब, एक खरंय, चिलापीनं आमच्या गावठी माशाची अंडी-पिल्लं खाल्ली, जागा घेतली, हे वडील पण कबूल करत्यात. तिच्यावर जगलो म्हणून ती चांगली, असं नाही म्हणत. थाई मांगूर तसाच आला, २००० पासून बंदी, तरी तळ्यातळ्यात चोरून पाळायचे, शेवटी टनांनी खड्ड्यात पुरावा लागला. एकदा पाण्यात गेलं की परत निघत नाही, एवढंच सांगायचंय.

काचघर:
धागा रेडटेलचा होता. आता पाककृती चालू आहे. चालू द्या.

टँकर_दिवसाआड:
मारायचाच असेल तर लवंगतेलाने गुंगी देऊन मारतात, निदान त्रास होत नाही. नदीत सोडण्यापेक्षा ते बरं.

रेडटेल_राजा:
ओ शहाणे, मारायचा विषयच नाही! माझी मुलगी शाळेतून आली की आधी त्याच्याशी बोलते, काचेला गाल लावून. तोही येतो तिथे, मिशा हलवत. तुम्ही लवंगतेल सांगताय?

टँकर_दिवसाआड:
मग मुलीला सांगा दिवाळीनंतर कुठे ठेवणार ते.

रेडटेल_राजा:
...

अरोवाना_ठाणे:
सोडा हो त्यांना. राजा, रागावू नकोस. टाकीत सोबत दुसरे मासे कोणते आहेत?

रेडटेल_राजा:
आधी दोन पॅरट मासे होते. एक दिवस सकाळी एक कमी. वाटलं उडी मारली, सोफ्याखाली शोधला. दुसरा गेल्या आठवड्यात. थर्मामीटरपण नाही दिसत.

काचघर:
थर्मामीटर त्याच्या पोटात असेल. हे मासे खडे, हीटर काहीही गिळतात. बहुतेक वेळा परत ओकतात, एक-दोन दिवस लक्ष ठेवा आणि खायला काही देऊ नका. हीटरला आजच जाळी लावा.

रेडटेल_राजा:
ओके. थँक्स. पण तुमचा सूर अजूनही आवडलेला नाही.

काचघर:
आवडू नका देऊ.

अरोवाना_ठाणे:
नाशिकला ओळखीचे एक जण आहेत, शेतात सिमेंटचा हौद केलाय, बारा बाय आठ, वर शेड आणि जाळी, ओढ्याला वगैरे जोडलेला नाही. त्यांच्याकडे दोन रेडटेल आधीच आहेत. विचारून बघतो, घेतीलच असं नाही. त्यांना दर आठवड्याला असे फोन येतात. आधी नक्की माप सांग.

रेडटेल_राजा:
टेपने मोजला आत्ता. सोळा इंच. चौदा इंच हे जुलैमधलं माप होतं, फोटो टाकताना तेच लिहिलं.

भीमाकाठी:
नाशिकला नेताना बादली नको, मोठं पिंप घ्या. झाकण बांधा.