प्रतिसाद: भीती परत आली म्हणजे मेहनत वाया गेली असं नाही

ताई, कुकरच्या शिट्टीला घाबरणारी तुमची कुत्री दोन महिन्यांच्या सरावाने सावरली आणि गावाहून परतल्यावर पुन्हा पलंगाखाली जाऊन बसली, म्हणून 'सगळं पाण्यात गेलं' असं तुम्ही लिहिलंय. तसं अजिबात नाही.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हला हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांमागोमाग खाणं दिलं की पुढे कुत्र्याला नुसत्या ठोक्यांनाच लाळ सुटायची. मग खाणं न देता नुसते ठोके ऐकवत राहिलं की ती लाळ आटायची. मध्ये थोडा वेळ गेला की त्याच ठोक्यांना पुन्हा सुटायची. जुना संबंध पुसला गेलेलाच नसतो. 'आता या आवाजामागून काही येत नाही' हे नवं शिक्षण त्याच्यावर बसतं, आणि ते जागेला फार चिकटून असतं. उंदराची एका पिंजऱ्यात घालवलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात परत येते.

आमचा कुत्रा मोती चरईतल्या आमच्या लिफ्टमध्ये वीज गेल्यावर अडकला होता. उकडलेल्या अंड्याचे तुकडे देत देत महिन्याभरात रुळला. मग ऐरोलीला बहिणीकडे गेलो. तिथल्या लिफ्टचं दार सरकलं आणि हा पुढच्या पायांची नखं फरशीत रोवून बसला, जांभया देत, ओठ चाटत. (त्या जांभया झोपेच्या नव्हेत, ताणाच्या असतात.) आम्ही ओढलं नाही. तिथेच बसून अंडं काढलं.

तेव्हा सराव फक्त तुमच्या स्वयंपाकघरात नको. शेजारणीकडे, वेगळ्या वेळी, वेगळ्या कुकरवर, आधी लांबून करा. मोतीला ऐरोलीत चारच फेऱ्या लागल्या.